गोलाच्या मागची जागा

फुटबॉल पुन्हा सुरू करावा की करू नये, यावर त्या वर्षी जगभर वाद चालला होता म्हणतात. आमच्या भद्रावतीच्या घरात तो दिवसातून दोनदा व्हायचा, सकाळच्या चहाला एकदा आणि संध्याकाळच्या बातम्या संपल्या की पुन्हा. वाद घालणारे दोघं, बाबा आणि माय. ज्याच्यावरून वाद, तो माझा धाकटा भाऊ आतल्या खोलीत हातमोजे पुसत गप्प बसलेला. आणि मी तिकडे गडचिरोलीकडे धानोऱ्याला, फोन कानाला लावून दोघांनाही हो हो म्हणणारी.

धाकटा गोलकीपर. हौसेचा नाही, पोटापाण्याचा. शाळा संपल्यापासून त्यानं दुसरं काही केलं नाही. जिथं करार मिळेल तिथं जायचं, हंगाम काढायचा, घरी यायचं आणि पुढच्या फोनची वाट पाहायची. पेपरात त्याचं नाव फारसं आलं नाही, कारण तो बहुतेक ठिकाणी दुसरा कीपर असायचा. म्हणजे पहिल्याला काही झालं तरच मैदानात उतरायचं, नाहीतर बाकावर बसायचं. त्या वर्षी कोलकात्याच्या एका क्लबनं त्याला घेतलं आणि नेमकी साथ आली. सगळं बंद झालं तसा तो एक बॅग घेऊन घरी आला. पस्तिशीला टेकला होता. हा हंगाम बुडाला तर पुढचा हंगाम त्याला कोणी देणार नाही, हे त्याला कळत होतं आणि आम्हालाही.

बाबा कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. छातीत दम. एक वाक्य बोलायचं तर मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा, पण या विषयावर बोलताना ते थांबायला तयार नसत.

"खाण बंद झाली काय? नाई झाली. कोळशाच्या गाड्या रोज जाऊन राह्यल्या. मंग बॉलच काऊन बंद?"

"कोळसा नाई काढला तं लाईट जाईन," माय म्हणायची. "बॉल नाई खेळला तं काय जाईन?"

"पोराचं वय जाईन."

यावर माय उठून भांडी लावायची, जरा जास्तच आवाज करत. फोनमधून तो आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि आजचा वाद संपला हे मला कळायचं.

माझं मत कोणी विचारत नव्हतं, पण मी मायच्या बाजूची होते. मी आश्रमशाळेत पीटीची शिक्षिका. शाळा बंद पडली, मुलं आपापल्या गावी गेली आणि आम्हा शिक्षकांच्या हातात ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. जंगलातल्या गावांमधून फिरायचं, घरोघर विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरून कोण आलं. बंदूक कपाळाकडे नेली की म्हाताऱ्या बाया मान मागे घ्यायच्या. त्यांना समजावून घसा बसायचा. खोलीवर आले की मास्कची दोरी कानातून काढायचाही कंटाळा यायचा. आयुष्यभर पोरांना खेळा रे, खेळा रे म्हणत आलेली बाई मी, पण त्या वर्षी मला खेळाचाच राग आला होता. माणसं जगली-वाचली तरी पुष्कळ झालं, आणि ह्यांना चेंडू लाथाडायची घाई.

माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावानं स्वतःला बांधून घेतलं होतं. गाव बांधणं ही तिकडची जुनी चाल आहे. रोगराई आली की गावकरी सीमेवर आपल्या देवाची पूजा करतात, आणि मग बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. या गावानं रस्त्यावर एक झाडाचं खोड आडवं टाकलं होतं. गुडघ्याएवढं उंच. मी अलीकडे सावलीत बसायची. गावातली माणसं पलीकडून यायची, खोडावरून हात लांब करायची आणि मी त्यांच्या बोटाला ते यंत्र लावायची. पलीकडे मी कधी गेले नाही.

तिथं एक म्हातारा रोज यायचा. बोट दाखवून झालं की खोडाला टेकून उभा राहायचा, गप्पा मारायचा. एके दिवशी तो आला तेव्हा बोलला नाही. शेजारच्या गावात त्याचा सख्खा मोठा भाऊ गेला होता, निरोप सकाळीच आला होता. दोन्ही गावांत मैलभराचंही अंतर नव्हतं.

"आजोबा, जा ना मग," मी म्हणाले. "खोड केवढंसं आहे. मी कोणाला सांगणार नाही."

"तू नाई सांगशीन बाई," तो म्हणाला. "पण मी ओलांडलो तं मंग बांधलं काय? सगळ्याईचंच सुटते."

मी चिडले. मनात म्हटलं, भाऊ मेला आणि हा खोडाची राखण करतोय. थोड्या वेळानं त्या गावची माणसं मयत घेऊन आली. त्यांची जागा दुसरीकडे होती, पण ते मुद्दाम वळून या रस्त्यानं आले होते. त्यांनी तिरडी खोडाच्या अलीकडे खाली टेकवली आणि बाजूला सरकले. म्हातारा पलीकडून पाहत राहिला. कोणी घाई केली नाही. त्याचं पाहून झालं तसं त्यानं मान हलवली आणि त्यांनी तिरडी उचलली. मी त्या दिवशी उरलेली घरं केली नाहीत, सरळ खोलीवर येऊन पडून राहिले.

पावसाळा संपता संपता धाकट्याचा फोन आला. त्याच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी जीव होता.

"ताई, सुरू होऊन राह्यलं. एकाच शहरात सगळ्या मॅच. बबल करून राह्यले. हॉटेल ते ग्राऊंड, ग्राऊंड ते हॉटेल. पाह्यणारे लोक नाई. एकदा आत गेलं की हंगाम संपेपर्यंत बाहेर येता येत नाई, आणि जो बाहेर गेला त्याले वापस घेत नाई. मायले समजावून सांग न तू. मी बुडबुडा म्हटलं तं म्हणते, बुडबुडा तं फुटते."

मी तेव्हाच त्याला सांगितलं, की जाऊ नको. बाबांचा दम बघ. पुढच्या वर्षी पाहू. पुढचं वर्ष नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मी दमून म्हणाले, "मायला सांग, गाव बांधलं."

मायचं माहेर गडचिरोलीकडचं. तिला लगेच समजलं. फोन तिनं हातात घेतला आणि मला नाही, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंग मयत झाली तं?"

मग लांबून बाबांचा आवाज आला. "कोनाची मयत? माही? मी त्याले गोलमंदी उभा पाह्यल्याबिगर मरत नाई. जाऊ दे त्याले."

तो गेला. निघताना बाबा फाटकापर्यंत आले, मास्क हनुवटीवर, एक हात फाटकाला धरून. माय सांगते, ते एवढंच म्हणाले, "जा बाबू. मांगं मी हावो."

हे आमच्या घरातलं जुनं वाक्य. खाणीच्या क्वार्टरजवळ एक मैदान होतं. तिथं गोल म्हणजे दोन बांबू, जाळी नाही, आणि मागे उतार. धाकट्याच्या हातून बॉल सुटला की तो उतारावरून थेट नाल्यात जायचा. बॉल आणायला नाल्यापर्यंत जायचं म्हणून तो पोरगा बॉल सुटायलाच घाबरायचा आणि घाबरला की हमखास सुटायचा. बाबा पहिल्या पाळीहून आले की अंघोळ न करता मैदानावर यायचे आणि गोलाच्या मागे उभे राहायचे. मी बॉल मारायची, तो अडवायचा, आणि जो सुटेल तो बाबा नडगीवर घ्यायचे. "गेला तं जाऊ दे," म्हणायचे, "मांगं मी हावो." पुढं धाकट्यानं हेच वाक्य उचललं. बंगालात खेळो की केरळात, आपल्या बचावाच्या खेळाडूंना तो मागून हेच ओरडून सांगायचा. कोणाला अर्थ कळत नसे. तो म्हणायचा, अर्थ कशाला लागतो, आवाज आला की पुरे.

थंडीत बाबांचा दम वाढला आणि मी रजा टाकून भद्रावतीला आले. धानोऱ्याहून गडचिरोली, मग चंद्रपूर, मग घर. एसटीत एका बाकावर एकच माणूस. बाबा खाटेवर दोन उशा पाठीशी घेऊन बसलेले आणि समोर टीव्ही, त्याचा आवाज इतका मोठा, की मला फाटकातच रेफरीची शिट्टी ऐकू आली.

उन्हाळ्यात परदेशातले सामने आधी सुरू झाले होते तेव्हा बाबांनी ते पाहून सोडून दिले होते. तिथं खुर्च्या रिकाम्या आणि वरून टाळ्यांचा आणि आरड्याओरड्याचा टेप लावलेला. "मयतघरी बँड लावला यायनं," ते म्हणाले होते. धाकट्याच्या सामन्यांना तसला टेप नव्हता. बहुतेक परवडत नसावा. त्यामुळे सगळं जसंच्या तसं ऐकू यायचं, बुटाचा बॉलवर बसणारा फटका, कोचच्या शिव्या, खेळाडूंचं एकमेकांना हाका मारणं. कीपर म्हणून कोणी दुसराच पोरगा उभा असायचा. आमचा बाकावर, मास्क लावून, आणि कॅमेरा बाकाकडे क्वचितच वळायचा.

"मंग तुम्ही काय पाहता?" मी विचारलं.

"पाह्यत नाई, आयकतो. थांब."

मी थांबले. पुष्कळ वेळ काही नाही. मग बॉल आमच्या बाजूच्या अर्ध्या मैदानात आला आणि पडद्याच्या कुठल्यातरी बाजूनं, लांबून, स्पष्ट आवाज आला, "सरक न बे, काऊन उभा हायेस!"

बाबा हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकताच ते माझ्याकडे बोट करून, ऐकलंस ना, असं विचारत होते. मी ऐकलं होतं. हजारो माणसं असती तर तो आवाज कोणाला ऐकू आला नसता. सामना कोण जिंकलं ते बाबांना ठाऊक नसायचं. आज बाबू किती वेळा बोलला एवढं मात्र ते मायला सांगायचे. सामने सुरू करायला नको होते असं अजूनही माझं मत होतं, पण संध्याकाळ झाली की मी आपसूक खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायची. तेवढा वेळ बरं वाटायचं.

मग त्यांच्या पहिल्या कीपरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला वेगळं ठेवलं. धाकट्याचा फोन आला की पुढच्या सामन्यात तो गोलात उभा राहणार. एरवी बाबा त्याला फोनवर हे कर, ते करू नको असं बरंच काही सांगायचे. त्या दिवशी फक्त "बरं बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मायला म्हणाले, टीव्ही जरा इकडं सरकव, खिडकीचा उजेड पडते. आम्ही दोघींनी टीव्ही सरकवला. त्यांनी पडून, बसून, दोन्हीकडून पाहून घेतलं आणि हा ठीक आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ते गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कोरोना नाही. दम होता, जुनाच, खाणीतून घरी आणलेला. सामन्याला अजून एक दिवस होता.

धाकट्याला फोन मी केला. पलीकडे तो रडत होता हे मला श्वासावरून कळलं, आवाज त्यानं केला नाही. क्लबचे लोक नाही म्हणत नव्हते. जा म्हणाले, पण परत आत घेता येणार नाही. उरलेला कीपर एकच, कॉलेजातला, एकही सामना न खेळलेला. मी म्हणाले, खड्ड्यात गेला सामना, तू निघ. विमान आहे, नागपूरपर्यंत ये, पुढं मी गाडी पाठवते.

तो म्हणाला, "गाव बांधलं हाय न ताई."

मी त्याच्यावर ओरडले. कसलं गाव, म्हटलं. भाड्यानं घेतलेलं हॉटेल आहे ते. तिथं ना देव आहे ना सीमा, आहे ते टीव्हीवाल्यांचं काम. असल्या गोष्टीसाठी बाप टाकून बसतो तू? आणखीही पुष्कळ बोलले. तो सगळं ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "बाबाले कोणत्या रस्त्यानं नेऊन राह्यले?"

मला एकदम ते खोड आठवलं. पलीकडे उभा राहिलेला म्हातारा मी त्याला फोनवर कितीतरी वेळा सांगितला होता, चिडून चिडून. माझा राग गेला असं नाही, पण पुढं बोलवेना. मी म्हणाले, मैदानावरून नेतो.

बुद्धवंदना झाली. समाजातली मोजकी माणसं आली होती, मास्क लावून, अंतर ठेवून, लवकर उरकायच्या बेतानं. मैदानाचा रस्ता वळसा घालून जातो, म्हणून खांदेकरी कुरकुरले. मैदानावर आता लोखंडी गोल आहेत, नाल्याच्या बाजूला भिंत आहे. त्या गोलाच्या मागे आम्ही बाबांना टेकवलं. एक काका म्हणाले, इथी काऊन ठेवलं? माय म्हणाली, "त्याईची जागा हाय." बाबांच्या पुतण्यानं मोबाईल काढला, धाकट्याला दाखवायला. मायनं तो खाली करायला लावला. बाप असा मोबाईलमध्ये पाहायचा नसतो, म्हणाली. आम्ही जरा वेळ तसेच उभे राहिलो आणि मग उचललं.

लोक अजूनही कधी बोलता बोलता विचारतात, की तेव्हा ते सामने सुरू करायला हवे होते का. मी नाही म्हणते. खेळ म्हणजे काही औषध नाही, आणि खेळाडू म्हणजे कोंडून ठेवायची गुरं नाहीत. पण नाही म्हणताना मला बाबांचा खाटेवरचा तो हसरा खोकला आठवतो, म्हणून मी जास्त बोलत नाही. विषय बदलते.

सामन्याच्या दिवशी टीव्ही लावायचं माझ्या मनात नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलेलं नव्हतंच, कोणी येत नव्हतं. माय बाबांच्या खाटेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "लाव." वर्षभर ज्या खेळावरून ती भांडली तो पाहायला ती पहिल्यांदाच बसत होती. मला विचारून तिनं खात्री करून घेतली, की ज्याच्या हातात मोजे असतात तो आपला.

तो होता. दंडावर काळी पट्टी. खेळ सुरू झाल्यावर बराच वेळ तो बोललाच नाही. मग समोरच्यांचा एक पुढे घुसला, आमचे दोघं बचाववाले गोंधळले आणि मैदानभर त्याचा आवाज घुमला, "मांगं मी हावो!" रिकाम्या खुर्च्यांमुळे तो आवाज जरा लांबला. मायनं पदर तोंडाला लावला. रडली नाही, नुसती तशी बसली.

तो चांगला खेळला. दोनतीन बॉल असे काढले, की समालोचकानं त्याचं नाव दोनदा घेतलं. उत्तरार्धात एक जोराचा फटका आला, खांबाला घासून बाहेर गेला आणि मैदानाकडेच्या जाहिरातींच्या फळीवरून उडून मागे खुर्च्यांपर्यंत पोचला. एरवी अशा वेळी मागे उभी असलेली पोरं बॉल परत आत फेकतात. त्या वर्षी पोरंही ठेवली नव्हती, साथीच्या नियमानं. धाकटा वळला. गोलाला वळसा घालून मागे गेला, फळीवरून पाय टाकून पलीकडे उतरला. दाखवायला दुसरं काही नव्हतं म्हणून कॅमेरा त्याच्यावरच राहिला. रिकाम्या खुर्च्यांखाली वाकून त्यानं बॉल शोधला, उचलला आणि उभा राहिला. गोलाच्या मागे, मैदानाकडे तोंड करून. बाबा उभे राहायचे तसाच.

"बॉल आनाले बी त्यालेच जा लागते," माय म्हणाली. "मांगं कोनीच नाई त्याच्या."

तो फळीवरून परत आत आला, बॉल ठेवला आणि त्यानं तोंडाशी हात नेला, ओरडण्यासाठी. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला, बाबा ठेवायचे तेवढा.